डबे नवे, कढई कोणाची?

१. ‘मामा, याचा रोल मिळून राहिला का?’

दिवाळीची साफसफाई निघाली की रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या जुन्या मराठी घरांच्या माळ्यांवरून दोन वस्तू हमखास खाली येतात. एक, कुणीच वापरत नसलेली पितळेची भांडी. दुसरी, कॅमेरा. कुणाकडे बडोद्यात बनलेला आगफा क्लिक थ्री, कुणाकडे जाहिरातीतल्या ‘खटॅक’मुळे आठवणारा हॉट शॉट, तर जरा हौशी आजोबांकडे याशिका. आमच्याकडे याशिका निघाली. कातड्याच्या कव्हराचे तुकडे पडत होते, पण लीव्हर सरकवून बटण दाबल्यावर शटर अगदी ठणठणीत वाजलं. सतरा वर्षांच्या भाच्यानं ते चार वेळा वाजवून पाहिलं आणि आपल्या नागपूर-रायपूरच्या मराठीत विचारलं, ‘मामा, याचा रोल मिळून राहिला का आता?’

मिळतो. नुसता मिळत नाही, तर गेल्या चार-पाच वर्षांत रंगीत निगेटिव्ह रोलचे जितके नवे डबे बाजारात आले, तितके त्याआधीच्या दहा वर्षांत आले नव्हते. जो धंदा बसला असं सगळे धरून चालले होते, त्यात इंग्लंडमधून, चीनमधून, जर्मनीतून नवी नावं आली आणि खुद्द कोडॅकनं जुनी नावं पुसून पुन्हा मांडली. पण त्यामुळे भाच्याचा पुढचा प्रश्न अवघड झाला: ‘मग यातला कोणता घेऊ?’

आपल्याकडे दिवाळीत दहा दुकानांत दहा रंगांच्या खोक्यांत सोनपापडी मिळते आणि त्यातली निम्मी एकाच कारखान्यातून आलेली असते. रोलचंही तसंच आहे. खोकी पुष्कळ, कढया मोजक्या. कोणता रोल खरोखर नवा आहे आणि कोणता नुसता नव्या खोक्यात आहे, हे कळण्यासाठी आधी कढईत काय शिजतं ते पाहावं लागेल.

२. निळा झेंडू

जुनी निगेटिव्ह खिडकीशी धरून पाहा. दसऱ्याच्या तोरणातला पिवळा झेंडू निळा दिसतो, शिवारातलं हिरवं धान गुलाबी-जांभळं दिसतं आणि माणसांचे दात काळे. हे उलटं का होतं?

फिल्म म्हणजे प्लॅस्टिकच्या पारदर्शक पट्टीवर दिलेला जिलेटिनचा लेप, म्हणजे इमल्शन. त्या जिलेटिनमध्ये चांदीच्या क्षारांचे बारीक स्फटिक विखुरलेले असतात. ज्या स्फटिकावर प्रकाश पडला, त्याच्यावर एक न दिसणारी खूण राहते. डेव्हलपर नावाचं रसायन अशा खुणावलेल्या स्फटिकांची काळी चांदी करतं. ब्लॅक अँड व्हाइट फोटोत काम इथेच संपतं.

रंगीत फिल्ममध्ये मुख्य थर तीन. सगळ्यात वरचा निळा प्रकाश टिपतो, मधला हिरवा, तळाचा लाल. वरच्या थराच्या खाली एक पिवळी चाळण असते, निळा प्रकाश खालच्या थरांत उतरू नये म्हणून. प्रत्येक थरात चांदीसोबत कपलर नावाचं एक बिनरंगी किंवा फिकट रंगाचं रसायन आधीच घालून ठेवलेलं असतं. डेव्हलपर चांदीवर काम करताना स्वतः बदलतो, आणि तो बदललेला डेव्हलपर शेजारच्या कपलरला चिकटला की तिथे रंग तयार होतो. निळा टिपणाऱ्या थरात पिवळा, हिरवा टिपणाऱ्यात मॅजेंटा म्हणजे राणी रंगाच्या जवळचा, लाल टिपणाऱ्यात सायन म्हणजे आकाशी-हिरवट.

मग चांदीचं काय? ती पुढच्या रसायनांत धुऊन काढली जाते. हातावरच्या मेंदीसारखंच आहे हे. लगदा काम करून झडून जातो, मागे रंग राहतो. रंगीत निगेटिव्हमध्ये शेवटी चांदीचा कण उरत नाही.

आता झेंडू घ्या. पिवळा प्रकाश म्हणजे लाल अधिक हिरवा. निळा त्यात जवळजवळ नाही. म्हणून वरचा थर कोरा राहतो, मधल्या थरात मॅजेंटा उमटतो, तळाच्या थरात सायन. मॅजेंटा आणि सायन एकावर एक आले की डोळ्याला निळं दिसतं. झाला निळा झेंडू. प्रिंट काढताना याच उलट्या चित्रातून प्रकाश सोडून तसल्याच थरांच्या कागदावर पाडला, की उलट्याचं उलट होऊन पिवळा परत येतो.

३. पासंग

पण मग रिकामी, फोटो नसलेली निगेटिव्हसुद्धा नारिंगी का? हा प्रश्न मला लहानपणी पडला होता आणि स्टुडिओवाल्या काकांनी ‘कंपनीचा रंग असतो तो’ असं सांगून मला वाटेला लावलं होतं.

कारण असं, की हे रंग शुद्ध नसतात. मॅजेंटानं फक्त हिरवा प्रकाश अडवायला हवा, पण तो थोडा निळाही अडवतो. सायननं फक्त लाल अडवायला हवा, तोही थोडी इतर ढवळाढवळ करतो. जिथे मॅजेंटा जास्त तिथे ही चूक जास्त, जिथे कमी तिथे कमी. चूक सगळीकडे सारखी असती तर प्रिंट काढताना एकदाच दुरुस्त केली असती. ती जागोजागी वेगळी, म्हणून कटकट.

गोल बाजारातल्या जुन्या तराजूची पारडी सारखी नसली तर दुकानदार काय करायचा? हलक्या पारड्याला पासंग बांधायचा. १९४० च्या दशकात कोडॅकच्या वेस्ली हॅन्सन यांनी फिल्मला असाच पासंग बांधला. मॅजेंटा बनवणारा कपलर त्यांनी मुळातच पिवळसर ठेवला. जिथे मॅजेंटा तयार होतो तिथे कपलर खर्च होतो आणि त्याचा पिवळेपणा जातो, पण मॅजेंटाची चूक तेवढाच पिवळेपणा आणते. जिथे मॅजेंटा नाही तिथे कपलरचा पिवळा शिल्लक राहतो. बेरीज सगळीकडे सारखी. सायनसाठी लालसर कपलर. पिवळसर आणि लालसर मिळून नारिंगी. आता चूक सगळ्या पट्टीवर एकसारखी झाली, आणि एकसारखी चूक प्रिंटच्या वेळी एका फिल्टरनं निघते.

तेव्हा नारिंगी रंग ही सजावट नाही, हिशोब आहे. आणि तो बनवायला अवघड आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे एका नव्या रोलच्या बाबतीत ती कामाला येणार आहे.

४. एक पट्टी, दोन घरं

भाचा इंटरनेटवर फिरून आला आणि म्हणाला, ‘मामा, सिनेमाची फिल्मपण या कॅमेऱ्यात चालते म्हणे.’ चालते, कारण पट्टी तीच आहे: ३५ मिलिमीटर रुंद, दोन्ही कडांना भोकं. जर्मनीत ऑस्कर बार्नाक यांनी सिनेमाच्याच फिल्मवर चालेल असा छोटा कॅमेरा बनवला आणि १९२५ मध्ये तो लायका या नावानं बाजारात आला. तेव्हापासून स्थिर फोटोचा ३५ मिलिमीटर रोल हा सिनेमाच्या घरातून दत्तक गेलेला मुलगा आहे.

फरक चौकटीचा. सिनेमाच्या कॅमेऱ्यात फिल्म उभी धावते आणि एक चौकट चार भोकांची असते. आपल्या याशिकात ती आडवी सरकते आणि चौकट आठ भोकांची. (हॉलिवूडनं १९५४ मध्ये व्हिस्टाव्हिजन नावानं सिनेमासाठीही आडवी, आठ भोकांची चौकट आणली होती. ती पद्धत मागे पडली, आणि ‘द ब्रुटलिस्ट’ (२०२४) व ‘वन बॅटल आफ्टर अनदर’ (२०२५) या चित्रपटांत परत आली. म्हणजे त्या भव्य पडद्यावरची निगेटिव्हची चौकट आणि आजोबांच्या याशिकाची चौकट जवळपास एकाच मापाची.)

एक गणित करून पाहू. छत्तीस फोटोंचा रोल म्हणजे ३६ गुणिले ८, २८८ भोकं. सिनेमाच्या चौकटीला चार भोकं, म्हणजे ७२ चौकटी. सेकंदाला २४ चौकटी धावतात. ७२ भागिले २४: तीन सेकंद! भाचा एक रोल तीन महिने पुरवून वापरणार, सिनेमाचा कॅमेरा तो तीन सेकंदांत खाणार. हजार फुटांचं रीळ चालतं अकरा मिनिटं.

आता हे उलटीकडून पाहा. छत्तीस फोटोंच्या रोलला साडेपाच फुटांच्या आसपास पट्टी लागते. हजार फुटांच्या एका डब्यातून असे सुमारे १८० रोल भरता येतात. सिनेमाची फिल्म कापून, छोट्या डब्यांत भरून विकणारे छोटे ब्रँड जगभर का उगवले, ते या भागाकारात आहे.

आणि फिल्मचा कारखाना अजून चालू का आहे, त्याचं मोठं कारणही सिनेमाच आहे. कोडॅकची सिनेमा फिल्म २००६ मध्ये सुमारे १,२४० कोटी फूट विकली जायची. २०१४ पर्यंत ती ४५ कोटी फुटांच्या आसपास आली. मधल्या काळात, जानेवारी २०१२ मध्ये, कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला होता. जपानच्या फुजीनं २०१३ मध्ये सिनेमाची निगेटिव्ह बनवणं थांबवलं. २०१५ मध्ये हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी कोडॅककडून ठरावीक फिल्म घेत राहण्याचे करार केले, म्हणून कोडॅकच्या रॉचेस्टरमधल्या कारखान्यातली प्रचंड यंत्रं बंद पडली नाहीत. नोलनच्या ‘ओपनहायमर’साठी शिजलेल्या कढईतच आपल्या याशिकाचा रोल शिजतो, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

५. काजळीचा थर

मात्र सिनेमाच्या फिल्मला पाठीमागून एक काळा लेप असायचा. त्याचं नाव रेमजेट. काजळीसारख्या कार्बनचा हा थर तीन कामं करायचा. फिल्म सेकंदाला दीड फूट वेगानं धावताना घर्षणानं वीज साठून ठिणगी पडू नये, हे एक. ओरखडे पट्टीऐवजी काजळीवर पडावेत, हे दुसरं. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, आणि त्यासाठी तेलीबांधा तलावावर जाऊ.

रायपूरकर ज्याला मरीन ड्राइव्ह म्हणतात त्या तेलीबांध्याच्या काठावर रात्री दिव्यांची रांग असते. अशा एखाद्या प्रखर दिव्याचा फोटो काढला की प्रकाश तिन्ही थरांतून आरपार जातो, पट्टीच्या मागच्या पृष्ठभागावर आपटतो आणि परत वर येतो. परतताना पहिला भेटतो तळाचा थर, लाल टिपणारा. म्हणून दिव्याभोवती लाल वलय उमटतं. याला हॅलेशन म्हणतात. मागची काजळी हा आरपार आलेला प्रकाश गिळून टाकते आणि वलय उमटत नाही. स्थिर फोटोच्या रोलमध्ये हेच काम इमल्शनखालचा, धुण्याच्या रसायनात विरघळणारा एक वेगळा थर करतो.

अमेरिकेतल्या सिनेस्टिल कंपनीनं २०१२-१३ च्या सुमाराला एक धाडस केलं. कोडॅकची ५०० आयएसओची सिनेमा फिल्म घेऊन तिची काजळी आधीच काढली आणि ती ‘८००टी’ नावानं स्थिर कॅमेऱ्यांसाठी विकली. काजळी गेल्यावर दिव्यांना लाल वलयं येणारच. ती आली, आणि लोकांना तीच आवडली! आज तरुण मंडळी ज्या ‘सिनेमासारख्या’ लाल झगमगाटासाठी जास्त पैसे मोजतात, तो सिनेमात कधीच नव्हता. सिनेमावाल्यांनी तो टाळायला काजळी फासली होती.

काजळी आधी का काढावी लागते? कारण धुण्याच्या पद्धती दोन आहेत. स्थिर फोटोचा रोल सी-४१ पद्धतीनं धुतात: ३७.८ अंश सेल्सिअस, डेव्हलपरमध्ये सव्वातीन मिनिटं. सिनेमाची फिल्म ईसीएन-२ पद्धतीनं: ४१.१ अंश, तीन मिनिटं, आणि डेव्हलपरही वेगळा. शिवाय तिथे काजळी सोडवायची आणि फवाऱ्यानं धुऊन काढायची वेगळी टाकी असते. काजळीवाला रोल चुकून सी-४१ च्या यंत्रात गेला, तर ती काजळी टाक्यांत सुटते आणि त्या दिवशीच्या इतर गिऱ्हाइकांच्या लग्नांच्या, बारशांच्या निगेटिव्हवर जाऊन बसते. लॅबवाला पुन्हा तुमचं तोंड पाहत नाही.

(तापमान ऐकून भाचा म्हणाला, मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी तसंच वापरता येईल की! गंमत बरोबर आहे, पण डेव्हलपरचं तापमान पाव अंशाइतकंही हललेलं चालत नाही, आणि आपल्या टाकीचं पाणी तर अंघोळ संपेपर्यंत तीन अंश हलतं.)

६. २०२५: काजळी गेली

आता खरी बातमी. कोडॅकनं २०२५ मध्ये आपल्या व्हिजन-३ या सिनेमा निगेटिव्हच्या मालिकेतून रेमजेट काढून टाकलं. त्याऐवजी स्थिर रोलसारखाच, इमल्शन आणि पट्टी यांच्यामध्ये वलय रोखणारा थर घातला, जो धुताना आपोआप नाहीसा होतो. या मालिकेत चार फिल्म आहेत: ५०डी, २५०डी, २००टी आणि ५००टी. आकडा आयएसओचा, म्हणजे प्रकाशाची भूक किती कमी ते सांगणारा. डी म्हणजे दिवसाच्या उजेडासाठी, टी म्हणजे टंगस्टनच्या, जुन्या पिवळ्या बल्बच्या उजेडासाठी.

दिसायला हा बदल छोटा आहे. सिनेमावाल्यांसाठी धुण्यातली एक पायरी कमी झाली, एवढंच. स्थिर कॅमेरेवाल्यांसाठी मात्र एक दार उघडलं. नवी सिनेमा फिल्म सी-४१ च्या यंत्रात गेली तरी काजळीची आपत्ती येत नाही.

म्हणून ती बिनधास्त घ्यावी का? थोडं थांबा. काजळी गेली तरी डेव्हलपर वेगळा तो वेगळाच. सिनेमाची निगेटिव्ह मुद्दाम मवाळ बनवतात, कारण रंग आणि गडदपणा पुढे संगणकावर किंवा प्रिंटमध्ये घडवायचा असतो. सी-४१ मध्ये धुतली की ती गडद-भडक होते आणि रंग थोडे सरकतात. कोडॅकही ती ईसीएन-२ साठीच आहे असं सांगतं. वरणात लोणच्याचा मसाला घालून पाहावा तसं आहे ते. कुणाला आवडेलही, पण त्याला वरण म्हणू नये.

दुसरी गोम जुन्या साठ्याची. सुट्या डब्यांत भरून विकलेल्या रोलवर काजळी आहे की नाही, हे नेहमी लिहिलेलं असतंच असं नाही. ओळखायची घरगुती युक्ती: डब्याबाहेर आलेलं फिल्मचं टोक तसंही उजेड लागून वाया गेलेलं असतं. त्याच्या पाठीवर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलेला कापूस घासा. कापूस काळा झाला तर काजळीवाली. त्या रोलला लॅबमध्ये पाठवण्याआधी फोन करा.

७. कोण शिजवतं, कोण भरतं

रंगीत फिल्म बनवणं इतकं अवघड का, तर तीन थर मी सोप्यासाठी सांगितले. प्रत्यक्षात प्रत्येक रंगाचे जलद आणि मंद असे पोटथर, मधल्या चाळण्या, वरचं संरक्षण मिळून डझनभर थर सहज होतात. सगळे मिळून माणसाच्या केसाहून पातळ, आणि हे सगळं मिट्ट काळोखात, धुळीचा कण न पडू देता, मैलोन् मैल एकसारखं. म्हणून शून्यातून रंगीत निगेटिव्ह शिजवणाऱ्या कढया जगात बोटांवर मोजण्याइतक्या. आपल्याकडेही एक फिल्म कारखाना होता. १९६० मध्ये स्थापन झालेली, उटीची सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्स. थंड आणि स्वच्छ हवेसाठी निलगिरीचे डोंगर निवडले होते. ‘इंदू’ या छापाची तिची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म आणि दवाखान्यांतली एक्सरे फिल्म अनेकांना आठवत असेल. मनू नायक यांचा ‘कहि देबे संदेस’ हा पहिला छत्तीसगढी चित्रपट १९६५ चा, कृष्णधवल. त्या काळी रंगीत निगेटिव्ह परदेशातून यायची आणि परवडायची नाही. उटीची कढई आता थंड आहे.

तर नव्या डब्यांकडे.

सगळ्यात खरा नवा रोल म्हणजे इंग्लंडचा हार्मन फिनिक्स. इल्फर्ड नावानं ब्लॅक अँड व्हाइट फिल्म बनवणारी हार्मन कंपनी चेशायरमधल्या मॉबर्लीत आहे. तिनं १ डिसेंबर २०२३ रोजी फिनिक्स २०० आणला, पूर्णपणे आपल्या कारखान्यात बनवलेला पहिला रंगीत रोल. धुऊन हातात घेतला की पहिला धक्का बसतो: नारिंगी रंगच नाही, जांभळट पट्टी! पासंग बांधलेलाच नव्हता. वलय रोखणारा थरही नव्हता, म्हणून दिव्यांभोवती लालभडक वलयं. कणी जाड, रंग हट्टी. कंपनीनं हे लपवलं नाही, ‘पहिला प्रयत्न आहे, पुढचा याच पैशांतून करू’ अशा सुरात तो विकला. मला हा प्रामाणिकपणा रोलपेक्षा जास्त आवडला. जुलै २०२५ मध्ये फिनिक्स टू आला. कणी बारीक, गडद-उजळाचा तोल बराच आटोक्यात. पहिला कच्चा असताना लोकांनी घेतला, म्हणून दुसरा शिजला.

चीनच्या बाओडिंग शहरातली लकी कंपनी आपल्या पिढीला ठाऊक नाही, पण तिथे ती घरोघरची होती. २००३ मध्ये कोडॅकनं तिचा २० टक्के हिस्सा घेतला होता, पुढे तो सोडला. रंगीत रोल बंद केल्याला दहा-बारा वर्षं उलटल्यावर २०२५ मध्ये तिनं सी२०० हा २०० आयएसओचा रोल पुन्हा बाजारात आणला. हीसुद्धा वेगळी कढई.

जर्मनीतल्या वोल्फेनचा मान जुना. पट्टीतच कपलर कोंडलेली आगफाकलर फिल्म १९३६ मध्ये तिथेच जन्मली. त्या वारशाच्या ऑर्वो नावानं २०२२ मध्ये एनसी५०० ही निगेटिव्ह आली, सिनेमा आणि स्थिर दोन्ही कॅमेऱ्यांसाठी. रंग फिके, उन्हात वाळलेल्या साडीसारखे. हौसेला ठीक, मुंजीला नको.

आता खोकी बदललेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोडॅकचे कोडाकलर १०० आणि कोडाकलर २०० आले. हे नाव १९४२ चं. आमच्या वयाच्या लोकांना ते वाचूनच भरून आलं. पण आतली फिल्म कंपनीच्या चालू फिल्म्सपैकीच आहे, तसं कंपनीनंच सांगितलं. मग बातमी कसली? तर विक्रीची. २०१३ पासून रॉचेस्टरच्या कारखान्यात बनणारे स्थिर फोटोचे रोल बाजारात विकायचा हक्क कोडॅक अलारिस या दुसऱ्याच कंपनीकडे होता. एकाच पिवळ्या खोक्यामागे आचारी एक आणि वाढपी दुसरा. कोडाकलरपासून आचारी स्वतःही वाढायला लागला, आणि पुरवठा वाढून भाव स्थिरावावेत हा त्यामागचा हेतू सांगितला गेला. फुजीचे अमेरिकेत मिळणारे २०० आणि ४०० आयएसओचे रोलही हल्ली उलटून पाहावेत. त्यांवर ‘मेड इन यूएसए’ असतं, आणि अमेरिकेत रंगीत रोलची कढई कुणाची ते तुम्हाला आता ठाऊक आहे.

क्लिक थ्रीवाल्यांसाठी एक ओळ: त्याला लागणाऱ्या रुंद १२० मापात कोडॅक गोल्ड २०० मार्च २०२२ मध्ये आला. माळ्यावरून उतरवा.

८. रायपूरचं ऊन

फिल्मच्या परदेशी पुस्तकांत साठवणीवर दोन ओळी असतात. रायपुरात त्यावर पान लिहावं लागेल. मे महिन्यात पारा ४४-४५ वर, आणि बंद गाडीच्या डिकीत त्याहून कितीतरी वर. उष्णतेनं स्फटिकांवर प्रकाशाशिवायच खुणा उमटतात, तिन्ही थर वेगवेगळ्या वेगानं म्हातारे होतात आणि फोटोवर एक मळकट छटा चढते. संगणकावर ती पुरती निघत नाही, कारण ती सावलीत एका रंगाची आणि उजेडात दुसऱ्या रंगाची असते.

म्हणून रोल फ्रिजमध्ये. सिनेमाच्या कोऱ्या फिल्मसाठी कोडॅक १३ अंश किंवा त्याखाली ठेवायला सांगतं, घरचा फ्रिज त्याहून थंडच असतो. प्लॅस्टिकच्या डबीचं झाकण घट्ट हवं. खरी चूक होते ती बाहेर काढताना. पावसाळ्यात थंड रोल लगेच उघडला की ताकाच्या ग्लासाला सुटतो तसा फिल्मला घाम सुटतो आणि गुंडाळलेले वेढे एकमेकांना चिकटतात. दोन-तीन तास डबीतच राहू द्यावा. आणि रोल संपल्यावर ‘अजून कुणाचा जमला की एकदम पाठवू’ म्हणत चार महिने ड्रॉवरमध्ये ठेवू नये. टिपलेली पण न धुतलेली प्रतिमा कोऱ्या फिल्मपेक्षा जास्त नाजूक असते. माझा उन्हाळी सहलीचा एक रोल असाच ड्रॉवरमध्ये शिळा झाला. चित्रकोटचा धबधबा त्यात चहाच्या रंगाचा आहे.

कुरिअरचाही विचार करा. आमच्या ओळखीच्या स्टुडिओतलं धुण्याचं यंत्र केव्हाच ताडपत्रीखाली गेलं. आता रोल मुंबई-पुण्याकडच्या लॅबना पाठवावे लागतात, धुऊन झाल्यावर स्कॅन फोनवर येतात आणि निगेटिव्ह मागाहून. विमानानं स्वतः नेत असाल तर रोल सामानात टाकू नका, हातात ठेवून हाताने तपासायची विनंती करा. एक्सरेची झळ जास्त आयएसओच्या फिल्मला आधी लागते, आणि नव्या सीटी पद्धतीच्या यंत्रांची तर कमी आयएसओलाही.

९. मग कोणता?

भाच्याला मी उलटा प्रश्न विचारला: कशाचे फोटो काढणार? म्हणाला, ‘दिवसा महाराष्ट्र मंडळात कार्यक्रम आहे, रात्री मरीन ड्राइव्ह.’

दिवसासाठी २०० आयएसओचा कुठलाही साधा सी-४१ रोल पुरे. हिशोब सोपा आहे: लख्ख उन्हात भिंगाचं छिद्र एफ-१६ ठेवलं, तर शटर आयएसओच्या आकड्याइतकं. २०० आयएसओला सेकंदाचा दोनशेवा भाग, याशिकावर जवळचं काय असेल ते, म्हणजे २५०. ढग आले की छिद्र दोन घरं मोठं करा, एफ-८. शंका आली तर उजेड जास्त द्या, कमी देऊ नका. निगेटिव्ह ही खिचडीसारखी असते. पाणी जास्त झालं तर आटवता येतं, डाळ-तांदूळच कमी पडले तर कुणी काही करू शकत नाही. सावलीत टिपलंच गेलं नाही ते कुठून आणणार?

रात्रीसाठी त्याला सिनेस्टिलच हवा होता, लाल वलयांसाठी. मी समजावलं की ‘टी’ फिल्म पिवळ्या बल्बसाठी तोललेली असते, आणि तेलीबांध्यावर आता बहुतेक पांढरे एलईडी आहेत. रंग निळसर येतील. ५००टी दिवसा वापरायची असेल तर भिंगावर ८५ नंबरचा नारिंगी फिल्टर लावायचा आणि आयएसओ ३२० धरायचा, हेही सांगितलं. त्याला निळसरही चालणार होतं. चालू दे. पैसे त्याचे.

पहिला रोल मात्र साधा २०० चा घ्यायचा, एवढं मी हट्टानं ठरवलं. कारण पहिल्या रोलमध्ये चूक फिल्मची की आपली हे कळायला हवं, आणि हॅलेशन, सिनेमाची फिल्म, दुसरा डेव्हलपर असं सगळं एकदम घातलं तर काहीच कळत नाही. ज्यांना त्याहून मोठी हौस आहे त्यांच्यासाठी कोडॅकचा नवा सुपर एट सिनेमा कॅमेरा आहे, २०२३ च्या अखेरीस ५,४९५ डॉलरला आलेला. त्याच्या पन्नास फुटांच्या डबीत ३,६०० चौकटी बसतात, सेकंदाला २४ धरल्या तर अडीच मिनिटं. भाच्याला मी ती किंमत रुपयांत करून दाखवली. विषय संपला.

रोल आला. फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे तीन दिवस राहिला. कार्यक्रमाच्या सकाळी भाच्यानं तो भरला, पाठ बंद केली आणि दिवसभर मंडळाच्या हॉलबाहेर आज्या, रांगोळ्या, पोरं, सगळ्यांचे फोटो काढले. संध्याकाळी अडतिसावा फोटो निघाला तेव्हा तो खूश, आणि मी सावध झालो. लीव्हर सरकवताना डाव्या बाजूची रिवाइंडची चकती फिरते का, हे त्याला सांगायचं राहून गेलं होतं. त्यानं लीव्हर सरकवला. चकती हलली नाही. फिल्मचं टोक पहिल्याच फेरीत खाचेतून निसटलं होतं, आणि रोल डब्यात जसाच्या तसा बसून होता.

‘म्हणजे एकपण नाही?’

‘एकपण नाही. पण रोल कोरा आहे.’

त्यानं दार लावून, पडदे ओढून, टोक पुन्हा खाचेत बसवलं आणि या वेळी चकतीकडे बघत लीव्हर दोनदा सरकवला. मग आम्ही तेलीबांध्याला निघालो.